ड्रायव्हरचा दिवस

गाडीत बसण्याआधी तो चपला काढायचा. एक इकडे, एक तिकडे, घरी आलेला माणूस काढतो तशा. मग अनवाणी पायाने क्लच दाबून बघायचा, ब्रेक दाबून बघायचा, आरसा पुसायचा. बाजूच्या गाड्या गुरगुरत असायच्या, झेंडेवाला हात वर करून उभा असायचा आणि आमचा जीव वरखाली व्हायचा. "भाऊ, चला ना आता!" असं कोणी ओरडलं की तो मान वळवून शांतपणे विचारायचा, "घाई कायची आहे बे?"

झेंडा पडला की मात्र धूळ खाली बसेपर्यंत तो पहिल्या वळणापलीकडे गेलेला असायचा. भिलाईत मातीच्या ट्रॅकवर त्याच्याइतकी जोरात गाडी कोणी चालवली नाही. हे मी चाहता म्हणून सांगतो आहे, तेव्हा थोडं कमी करून घ्या. फार कमी करू नका.

आम्ही त्याला ड्रायव्हर म्हणायचो. नाव लिहीत नाही. ज्यांनी रुआबांध्याच्या मागच्या मैदानात रविवारच्या रेस पाहिल्या त्यांना नाव सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना नुसत्या नावाने काय कळणार?

पोटापाण्यासाठीही तो ड्रायव्हरच होता, पण इंजिनाचा. प्लांटमध्ये वितळलेलं लोखंड भट्टीतून निघालं की मोठमोठ्या हंड्यांत भरतात. लॅडल म्हणतात त्याला. ते लॅडल रुळांवरून ओढत पुढच्या शॉपला न्यायचं, हे त्याचं काम. मी पॉइंट्समन, त्याच्यासाठी रूळ बदलून देणारा. इंजिनाचा वेग किती, तर मी बाजूने चालत निघालो की त्याच्या आधी पोचायचो. आठ तास असं मुंगीच्या चालीने जाणारा माणूस रविवारी एवढा कसा सुटतो, असं लोक विचारायचे. आठवडाभराचं साठवून ठेवत असेल, म्हणायचे. तसं काही नव्हतं. एकदा चहा पिताना त्यानेच मला सांगितलं होतं.

"मी रेसमधीही लॅडलच ओढतो. मागं गरम लोखंड आहे असं समजतो. झटका बसला का सांडलं."

खरंच, त्याने ब्रेक कधी दाबला ते कळायचं नाही. बाकीच्यांच्या गाड्या वळणावर मागून घसरायच्या, माती उडवायच्या, लोक टाळ्या पिटायचे. त्याची गाडी नुसती वळायची. नवख्या माणसाला वाटायचं, यात काय आहे? मग बिसेन त्याच्या नाकासमोर स्टॉपवॉच धरायचा. बिसेन म्हणजे मशीन शॉपमधला आमचा सोबती. त्याचं निम्मं तरुणपण त्या घड्याळात डोळे घालण्यात गेलं.

ड्रायव्हरची गाडी भंगारातून उचललेली होती. डावा दरवाजा तारेने बांधलेला, रंग तीन तऱ्हेचा. एकदा ती नागपूरच्या रेसला नेली, आम्ही दहा-बारा जण सुट्ट्या टाकून मागे. तिथे एका बड्या घरच्या पोराने आमची गाडी बघून तोंड फिरवलं आणि दोन तासांनी ड्रायव्हरचा हात धरून विचारलं, "काका, कुठे शिकलात?" ड्रायव्हर म्हणाला, "नाइट शिफ्टमधी." त्या पोराला काही कळलं नाही. आम्ही परतीच्या वाटेवर भिलाई येईपर्यंत हसत होतो.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, कधी रेसला आल्या नाहीत. आम्ही रविवारी क्वार्टरसमोर उभे राहिलो की दारातूनच म्हणायच्या, "घेऊन जा. परत आणून द्या म्हंजे झालं." बस्स, एवढंच. आम्ही मान खाली घालून हो म्हणायचो. त्यांना आमचा राग येतो हे आम्ही गृहीत धरलं होतं आणि तो राग आम्हाला रास्तही वाटायचा.

आता जो भाग सांगायचा कंटाळा येतो तो सांगतो. त्याचा जीव रेसमध्ये गेला नाही. नवीन पोरं मला विचारतात, "अंकल, वो तो ट्रैक पे ही गए थे ना?" पूर्वी मी त्यांना बसवून समजावून सांगायचो. आता नुसता बघतो त्यांच्याकडे. तो नाइट शिफ्टला गेला, इंजिनात बसल्याजागी. मी त्या रात्री ड्युटीवर होतो. पहाटे तीनच्या सुमाराला सिग्नल मिळाला तरी इंजिन हलेना म्हणून वर चढलो. हात ब्रेकवर होता आणि ब्रेक पूर्ण लागलेला होता. मागच्या लॅडलमधून थेंब सांडला नव्हता. एवढं काम पुरं करून मग त्याचं हृदय थांबलं होतं. मी लहान पोरासारखा रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या वर्षापासून आम्ही त्याचा दिवस करू लागलो. तिथी घरच्यांची, तारीख आमची, असं ठरलं होतं. त्या तारखेला संध्याकाळी पाचला मैदानात जमायचं, हार घालायचा, चहा प्यायचा, त्याच्या गोष्टी सांगायच्या. क्वार्टर सुटल्यावर वहिनी चरोद्याला भावाकडे, रेल्वे कॉलनीत राहायला गेल्या होत्या. पहिल्या वर्षी मी त्यांना फोनवर निरोप दिला, "वहिनी, तारखेच्या दिवशी, पाच वाजता, ग्राउंडवर." त्या आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी आम्ही लोखंडी पाटी लावली, त्याचं नाव आणि तारीख मी स्वतः रंगवली, आणि पुन्हा निरोप दिला. त्या तेव्हाही आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी मी फोन केला नाही. जो माणूस परत आणून द्यायचा होता तो आम्ही आणून दिला नाही, मग कोणत्या तोंडाने बोलवायचं?

पहिल्या वर्षी आम्ही चाळीसेक होतो. मग कोणी रिटायर होऊन गावी गेलं, कोणी पोराकडे पुण्याला, कोणी वरती. गोष्टी त्याच राहिल्या. बिसेन नागपूरची रेस सांगू लागला की पुढचं वाक्य मी मनात आधीच म्हणून मोकळा व्हायचो. तुमच्याही ओळखीत असे जमलेले म्हातारे असतील. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि तरी एकेकाला बोलू द्यावं लागतं. मैदानाच्या एका बाजूला आता भिंत आली आहे, ट्रॅकवर गवत माजलं आहे. यंदा, बाराव्या वर्षी, आम्ही चौघंच होतो. एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एकाला अंधार पडायच्या आत घरी जायचं होतं. चहा संपल्यावर मीच म्हणालो, "बंद करू आता." वाटलं, कोणी तरी नाही म्हणेल. एकाने रिकामे कप गोळा करायला घेतले. शेवटी बिसेन म्हणाला, "वहिनीले सांगून ये पण. न सांगता बंद करणं बरोबर नाही."

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटर काढून चरोद्याला गेलो.

वहिनींनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. केस पांढरे झाले होते, बाकी त्याच. "या," म्हणाल्या. "बसा. बारा वर्षांत या दिवशी पहिल्यांदा कोणी आलं."

आत त्याचा फोटो होता आणि फोटोला ताजा हार.

"या दिवशी?" मी म्हणालो. "वहिनी, दिवस तर काल झाला."

"काल कसा? पहाटे तीनले गेले ते. दवाखान्याच्या कागदावर आजचीच तारीख आहे." एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मी खुर्चीत बसलो आणि तारखा मोजल्या. प्लांटमध्ये नाइट शिफ्ट रात्री दहाला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुटते, पण हजेरी लागते ती आदल्या तारखेची. बारा वाजून गेले तरी आमच्यासाठी तारीख बदलत नाही. घरी जाऊन झोपून उठलो की मग बदलते. उभा जन्म आम्ही तशीच मोजली. तो गेला ती नाइट ज्या तारखेची, तीच मी पाटीवर रंगवली. मैदानात जमणारे सगळे प्लांटचेच, कोणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही.

गप्प बसता आलं असतं. वहिनींना वाटत होतं, मी दिवस आठवून आलो आहे. चहा पिऊन, फोटोला हात जोडून निघालो असतो तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण चहाचा कप हातात आला आणि माझ्याने ते होईना. मी सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी आली होती."

"कवा?"

"पहिल्या वर्षी. पोरीले घेऊन, ऑटो करून. सहा वाजेपर्यंत उभी होती. कोणीच नाही. दुसऱ्या वर्षी बी आली. तवा पाटी होती, तिच्यावर हार होता सुकलेला, चहाचे कप पडले होते. मले वाटलं, मले एका दिवशी बोलावलं आन ह्याईनं आपलं आदल्या दिवशीच आटपून घेतलं. मी येऊ नये म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरगी म्हणे, आई, फोन करून विचार. मी कावून विचारू?"

मी कप खाली ठेवला.

"हजेरीची तारीख!" त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. "मेल्यावरही त्याईले ड्युटीवरच ठेवलं तुमी लोकाईनं. घरी येऊच नाही दिलं."

"चूक माझी आहे, वहिनी. पाटी मीच रंगवली."

मग त्यांनी विचारलं, "आज कायसाठी आले होते मंग?"

"बंद करून राहिलो, हे सांगाले. चारच जण उरलो."

"करा बंद," वहिनी म्हणाल्या. "पण आधी एक डाव मले दाखवा. कुठं चालवत, कसे चालवत. मी काहीच पाह्यलं नाही."

मी तिथूनच बिसेनला फोन लावला. "कालच तर झालं ना बे," तो म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "किती वाजता?"

पाचला चौघंही होतो. गुडघ्यावाला काठी घेऊन आला होता. वहिनी माझ्या स्कूटरवरून उतरल्या, पाटी वाचली. "सुरू कुठून होत होतं?" विचारलं आणि मी दाखवलं तिथून गवतातून चालायलाच लागल्या. पूर्ण फेरा त्यांना पायी बघायचा होता. आम्ही मागे.

बिसेनने नागपूरची रेस काढली. मी सवयीने पुढचं वाक्य मनात म्हणायला गेलो, पण ते आलं नाही, कारण वहिनींनी मध्येच विचारलं, "त्या दिवशी जेवले होते का ते?" बिसेन थांबला. बारा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. "केळं खाल्लं होतं," काठीवाला म्हणाला. "माझ्याकडचं." मग त्यालाच आठवू लागलं, एकामागून एक, असं असं की जे आम्हीही कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या वळणावर वहिनी थांबल्या. तिथे ट्रॅक एकदम डावीकडे वळायचा. सगळ्यात अवघड जागा तीच.

"मी इथं उभी असती," त्यांनी विचारलं, "तर हळू केली असती का त्याईनं?"

नुसतं त्यांना बरं वाटेल असं मला बोलायचं नव्हतं. वीस वर्षं ओळखत होतो मी त्याला.

"नाही, वहिनी. तुमी दिसल्या असत्या तर आणखी जोरात नेली असती."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"एक डाव तरी चल म्हणाचं होतं त्याईनं," त्या म्हणाल्या. "म्हटलं असतं तर आली असती ना मी."

आम्हीही कधी म्हटलं नव्हतं. कितीतरी रविवार दारात उभे राहून आम्ही त्यालाच घेऊन गेलो होतो.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "कोणत्या बाजूनं येत?"

मी हात करून भिंतीकडची बाजू दाखवली. वहिनींनी तिकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे पाहिलं. त्या ट्रॅकच्या अगदी मधोमध उभ्या होत्या. पदर सावरून त्या दोन पावलं मागे, कडेला सरकल्या आणि त्या बाजूला बघत उभ्या राहिल्या.

आम्हीही कडेला सरकलो.