कालावियसच्या नावाचं गटार

आमच्या सुबुरा वस्तीतल्या बोळात नवं गटार झालं, पण ते उलटं बांधलंय हे एकट्या त्रोफिमसला कळलं. तीस वर्षं रोमच्या पोटातला गाळ उपसलेला माणूस तो. ढाळ कुठे आहे ते त्याच्या पायांनाच कळायचं.

"अम्प्लियाता, हे पाणी नदीकडे जायचं नाही," माझ्या खानावळीत हरभरे खाताना तो म्हणाला. "तुझ्या चुलीत येईल."

"मग बोल ना ठेकेदाराला! तोंड शिवलंय का?"

म्हटलं आणि लगेच मी जीभ चावली. ठेकेदार कालावियस म्हणजे त्याचा जुना मालक. त्यानेच त्याला गुलामीतून मोकळं केलेलं. मोकळं झालेल्याने आपल्या नावाआधी मालकाचं नाव लावायचं, रोज सकाळी त्याच्या दारात नमस्काराला उभं राहायचं आणि चारचौघांत त्याच्याविरुद्ध ब्रही काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. शिवाय गटारांची सगळी कामं त्याच्याच हातात. बोललास की पोटावर पाय.

तरी दुसऱ्या दिवशी नमस्काराला गेल्यावर त्रोफिमस बोललाच. कालावियस हसला म्हणे. "चिखलात जन्म गेला तुझा, तू मला ढाळ शिकवणार?"

काम पसंत करायला सरकारी साहेब आले. वरच्या लाद्या अजून बसवायच्या होत्या. कालावियसने ढाळ बघायची पाणसळ, दोन पायांवरची लांब फळी, गटारात उतरवून दाखवली. फळीवरच्या खाचेतलं पाणी बरोबर नदीच्या बाजूला कललेलं. फळीच्या घरांकडच्या पायाखाली कौलाचा तुकडा सरकवलेला मला चांगला दिसला. मेला लबाड!

साहेब मान डोलावणार, तोच त्रोफिमस पुढे झाला. "साहेब, फळी राहू द्या. पाणीच ओतून बघा."

"तोंड सांभाळ," कालावियस गुरगुरला. "माझं नाव लावतोस तू!"

"लावतो ना, धनी. म्हणूनच ते घाणीत बुडालेलं बघवत नाही."

मी कशाला थांबतेय! भांडी धुतलेल्या पाण्याचा हंडा उचलला आणि हरभऱ्याच्या सालींसकट गटारात मधोमध उपडा केला. साली नदीकडे जायच्या सोडून घरांकडे निघाल्या. माझ्या उंबऱ्यापाशी कालावियस गटारात उतरून उभा होता, तिथे पाणी तुंबलं आणि त्याच्या पायताणांवर चढलं. अख्खा बोळ खो खो हसला. साहेबही हसले.

गटार उखडून पुन्हा बांधलं गेलं. त्रोफिमसला मात्र रोममध्ये कुणी फावडं हातात दिलं नाही. दोन हिवाळे त्याने धक्क्यावर पोती वाहिली. "चूक झाली वाटतं का रे?" मी विचारायची. "छे! हरभरे वाढ," म्हणायचा. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ भरून गेला बिचारा.

परवाच्या पावसात शेजारच्या बोळात गुडघाभर घाण शिरली. आमच्याकडे उंबरासुद्धा भिजला नाही. गटाराच्या तोंडावर दगड बसवलाय, 'कर्ता कालावियस'. माझं डोकंच फिरलं. खिळा घेतला आणि त्या नावापुढे कोरलं, 'त्रोफिमस'.

कालावियसचा माणूस ते खरवडायला आला. मी पळी घेऊन दगडासमोर उभी राहिले.

"खोटं काय आहे त्यात?" म्हटलं. "तुझ्याच धन्याने दिलेलं नाव आहे. पुरं लिहिलंय फक्त."