बिराप्पानं घराला दिलेला नंबर

बिराप्पा नेटवाला म्हणजे ईट गावातलं मोठं प्रस्थ. बापजाद्यांनी मेंढरं राखली, ह्यानं तारा ओढल्या. गावातल्या शंभरेक घरांत इंटरनेटचा डबा त्याच्याच हातानं बसलेला. कुणाचं नेट बंद पडलं की तो यायचा, डब्याचे दिवे बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "पुढून बंद हाय." हे पुढून म्हणजे नक्की कुठून, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. बारा वर्षांत बिराप्पाची स्वतःची चूक अशी एकदाही निघाली नव्हती.

ती निघायची वेळ आली कस्तुराबाईंच्या घरी.

त्यांची सून दीपाली पुण्याच्या एका कंपनीत कामाला होती. लग्नानंतर साहेबांनी तिला ईटमधून काम करायची सवलत दिली, तीही 'महिनाभर बघू' या बोलीवर. घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत एक खासगी वाट असते, तिला व्हीपीएन म्हणतात. पंधरा दिवस ती वाट झक्क चालली. मग एका शनिवारी बिराप्पानं जुना डबा काढून नवा बसवला, आणि सोमवारपासून सगळं अडलं. वाट जुळायची, हिरवी खूणही यायची, पण ऑफिसचं पान काही उघडायचं नाही. बुधवारी साहेबांनी सांगून टाकलं, उद्या बारापर्यंत चालू झालं नाही तर पुढच्या सोमवारी पुण्यात हजर व्हा. नवरा शंभू परंड्याच्या खताच्या दुकानात कामाला. म्हणजे लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच एक संसार दोन गावांत राहणार.

गुरुवारी नऊ वाजता बिराप्पा शिडी घेऊन आला. त्यानं वायर बदलली, डब्याचं तोंड पूर्वेला केलं, माळवदावर चढून उतरला. कस्तुराबाईंनी नव्या डब्यावर हौसेनं विणलेला रुमाल घातला होता, तो काढायला लावला. फरक शून्य.

"खोट कंपनीत हाय," त्यानं निकाल दिला. दीपालीनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

अकराला कंपनीचा नेटवर्कवाला विरेश फोनवर आला. त्यानं दीपालीला ऑफिसच्या सर्व्हरला हाक मारायची कमांड दिली. लगेच उत्तर आलं.

"बघा," बिराप्पा म्हणाला, "आमची लाईन ठणठणीत हाय."

"उत्तर किती वेळात आलं, मॅडम?" विरेशनं विचारलं.

"दोन मिलिसेकंदांत."

विरेशनं आकडा पुन्हा विचारून घेतला. "पुण्याहून इतक्या लवकर उत्तर येतच नाही. तुमच्या घरातलंच कुणीतरी उत्तर देतंय."

"घरात आमी तिघंच हाव," कस्तुराबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, आणि उगाच एकदा माजघरात डोकावून आल्या.

मग विरेशच्या सांगण्यावरून घरातली एकेक वस्तू बंद करत नेली. मोबाइलांचं वायफाय बंद केलं, उत्तर येतच राहिलं. नेटवर चालणारा टीव्ही बंद केला आणि उत्तर थांबलं. नेटला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला पत्त्यासारखा एक नंबर असतो; टीव्ही पुन्हा लावून दीपालीनं त्याच्या सेटिंगमधला तो नंबर वाचून दाखवला.

"हा तर आमच्या सर्व्हरचा नंबर आहे," विरेश म्हणाला. "तुमच्या घराला ऑफिसचे नंबर दिले कुणी?"

दिले होते बिराप्पानंच. शनिवारी कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, "पोरीला हितं परकं वाटू नये बघ." टेबलावर कंपनीचा कागद होता, त्यावर ऑफिसचे नंबर होते. गावात सून आली की तिच्या माहेराशी अख्खी आळी नातं लावते, तिचा भाऊ सगळ्यांचाच पाव्हणा होतो. बिराप्पानं त्याच मायेनं तिच्या ऑफिसशी नातं लावलं आणि तीच नंबरांची ओळ घराला देऊन टाकली. आता लॅपटॉपला वाटायचं, सर्व्हर तर घरातच आहे, पुण्याला कशाला जायचं? तीन दिवस दीपालीचं सगळं काम सासूबाईंच्या टीव्हीकडं जात होतं, आणि टीव्हीला त्यातलं काही कळत नव्हतं.

त्यानं मान खाली घालून घराचे नंबर बदलले. बाराला दहा कमी असताना ऑफिसचं पान उघडलं.

तेवढ्यात फोनवर साहेब आले. "चालू झालं ते बरं. पण तीन दिवस गेले, दीपाली. गावाकडचं नेट ते, उद्या परत जाईल. तुम्ही सोमवारी याच."

"बरं, सर," दीपाली म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता.

विरेशच्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलं नव्हतं. बिराप्पानं नुसतं गप्प राहायचं आणि शिडी उचलून निघायचं, एवढंच बाकी होतं. बोललं तर संध्याकाळपर्यंत पारावर त्याची टिंगल ठरलेली. त्यानं शिडीला हात घातला, सोडला, पुन्हा घातला. मग फोनपाशी जाऊन वाकला.

"साहेब, नमस्कार. म्या बिराप्पा, हितला नेटवाला. गावचं नेट लई चांगलं हाय. म्याच येडेपणा केला." आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, टीव्हीसकट.

पलीकडं कुणीतरी हसू दाबल्याचं ऐकू आलं. साहेब खाकरले. "परत असं होणार नाही?"

"न्हाय व्हायचं. झालंच तर वैनींना काय बोलू नगा, मला फोन करा. नंबर लिहून घ्या."

साहेबांनी खरंच लिहून घेतला. "ठीक आहे. दीपाली, तुम्ही तिथंच राहा."

दीपालीनं फोन ठेवला आणि सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली. कस्तुराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बिराप्पाला मनातून लाज वाटली. सकाळपासून तो आपलं नाव सांभाळत होता आणि ही पोर आपलं घर. मग मात्र त्याला बरंही वाटलं, बारा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. तो शिडी खांद्यावर घेऊन निघाला, तशा कस्तुराबाई म्हणाल्या, "आता जेवूनच जा."

त्यानं शिडी भिंतीला लावली आणि हात धुवायला गेला.