दगडावरचं साल

आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिला खुर्चीसकट बिबवेवाडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढवलं. लिफ्ट नाही. त्या उन्हाळ्यात ती खाली उतरू शकत नव्हती, आणि तिला एकटं टाकून मीही. दोन खोल्या, एक खिडकी, समोर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. आम्ही एकमेकींच्या तावडीत सापडलो होतो.

माझं बालपण जातीविरोधी पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. बाबा कसबा पेठेतल्या छापखान्यातून गठ्ठे आणायचे, ते जेवायच्या जागेवरच पडायचे. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. म्हणून कुलवृत्तांत म्हटलं की माझं डोकं फिरतं. एका घराण्याचं संमेलन मंगल कार्यालयात भरलं होतं, तेव्हा दारात उभी राहून मी स्वतः लिहिलेलं पत्रक वाटलं होतं: माणसाची किंमत त्याच्या खापरपणजोबावरून ठरवणं, हाच जातीचा पाया. त्यातला एकही शब्द मला आजही बदलावासा वाटत नाही.

आई अंथरुणातून म्हणाली, "दुसऱ्यांच्या खापरपणजोबांवर इतका कागद घातलास. आता माझ्या बापासाठी एक मेल लिही."

तिचे वडील इंग्रज. लष्करातून सुटल्यावर ते मायदेशी गेलेच नाहीत. खडकीत कारखान्यात लागले आणि तिथल्याच एका मराठी बाईशी, माझ्या आजीशी, लग्न केलं. आई आठ वर्षांची असताना ते वारले. त्यांच्याबरोबर घरातलं इंग्रजीही गेलं. उरलं एका खेड्याचं नाव आणि लग्नाचा फोटो. तो आमच्या भिंतीवर आहे, खाली स्टुडिओवाल्याने साल घातलेलं.

"काय मिळणार आहे तुला?" मी विचारलं.

"मी आहे हे त्यांच्या घरात कुणाला माहीत होतं का, एवढंच."

नाही कसं म्हणणार? उठून बाहेर जायचीही सोय नव्हती. मी त्या खेड्यातल्या चर्चला लिहिलं. तिथली दफनभूमी बघणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आलं: कुटुंबातलं आता कुणी नाही, पण कबरीवरचा दगड आहे, व्हिडिओ कॉलवर दाखवते.

ठरलेल्या दुपारी आईने सुती साडी मागितली. बसून नेसता येत नव्हती, म्हणून गाऊनवरूनच पदर घेतला, कॅमेऱ्यात दिसेल तेवढा. पंखा गरम हवा फिरवत होता. पलीकडे पाऊस होता. त्या बाई छत्री सावरत ओल्या गवतातून चालल्या होत्या. एका दगडापाशी थांबून त्यांनी हातमोज्याने शेवाळ पुसलं.

"हे त्यांचे आईवडील," त्या इंग्रजीत म्हणाल्या, मी मराठीत सांगत गेले. "आणि खाली बघा, त्यांचा मुलगा. 'हिंदुस्थानात वारला.' पुढे साल आहे. इतक्या लांब गेलेल्या मुलाची आठवण ठेवली त्यांनी. किती छान!"

मी साल वाचलं. लग्नाच्या फोटोखालचंच. भिंतीकडे बघायची गरज नव्हती, तो आकडा मी लहानपणापासून बघत आले होते. लग्नाचं पत्र गेलं असणार, आणि त्यांच्या लेखी मुलगा तेव्हाच मेला, तेच साल दगडावर गेलं असणार. त्यानंतर माझे आजोबा खडकीत रोज सायकलने कामावर जात होते, मुलीला खांद्यावर घेऊन बाजारात हिंडत होते.

पत्रकाची चार वाक्यं माझ्या तोंडाशी आली. पण ती कुणाला ऐकवणार? पावसात उभ्या त्या म्हाताऱ्या बाईंना? आणि आईला काय सांगणार? फोन धरलेला हात भरून आला होता, आणि दोघी माझ्याच तोंडाकडे बघत होत्या.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"म्हणाल्या, आठवण ठेवली."

"मला आकडे वाचता येतात," आई म्हणाली. तिने माझं मनगट धरून फोन स्वतःकडे वळवला. मग, मी जन्मात तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते इंग्रजी, शब्द वेचत, ती बोलू लागली. "मॅडम. दॅट इयर, नो डेथ. मॅरेज." भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. ते पलीकडे दिसत नव्हतं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आय, डॉटर."

त्या बाईंनी दगडाकडे पाहिलं. छत्री कलली, पाणी त्यांच्या खांद्यावर पडू लागलं, तरी त्या तशाच. म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी." आणि मग, "मी लक्षात ठेवीन."

ते मी आईला सांगितलं. तिने मान हलवली.

"तिला म्हणावं, जा आता घरी. भिजतेय बिचारी."

कॉल संपला. माझ्या अंगाची आग होत होती. त्या घराण्याला छापून उत्तर द्यावं, दगडच फोडावा, निदान तीन जिने धडाधड उतरून रस्त्यावर तरी जावं. आई पदराची पिन काढायला धडपडत होती.

"बघत काय बसलीस? सोडव हे. उकडतंय."

मी पिन काढली. मग तिला कुशीवर वळवलं, फोटोच्या भिंतीच्या बाजूला.