घड्याळजींची अकरा पानं

घड्याळजी म्हणजे वेळेचा पक्का माणूस. लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करता करता त्यांनी घरही मिनिटकाट्यावर आणून ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी बायकोच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, जीभ जड झाली. तेव्हा दवाखान्यात तिने डाव्या हाताने त्यांची बाही घट्ट धरली आणि कसेबसे दोन शब्द काढले, "सोडू... नका." झालं! या गृहस्थाने दुकान उचलून घराच्या पुढच्या खोलीत आणलं आणि तेव्हापासून बायकोला अर्धा तासही दुसऱ्याच्या भरवशावर ठेवलं नाही.

शेवटी मेहुणीने कान उपटले. "भावोजी, आरशात बघा जरा. ताईच्या आधी तुम्हीच आडवे व्हाल. मग तिला बघणार कोण?"

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी चार ते सहा, घरच्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांची बैठक भरायची. तिथली पद्धत छान होती. नवा माणूस बैठकीला आला की जुन्यांपैकी कुणीतरी त्याच्या घरी जाऊन बसायचं. घड्याळजींकडे आल्या निवृत्त कंडक्टरबाई. नऊ वर्षं त्यांनी वडिलांचं केलं होतं. घड्याळजींनी त्यांच्या हातात सूचनांची अकरा पानं ठेवली. दोन तासांसाठी अकरा पानं, बोला!

"अहो, भरलेली बस सांभाळलीय मी तीस वर्षं," बाई म्हणाल्या. "इथे तर एकच प्रवासी. निघा तुम्ही."

घड्याळजी निघाले खरे, पण पाय जड. आपण दिलेला शब्द मोडतोय, तिला वाटेल टाकून गेला, हे काही मनातून जाईना.

बैठकीत पहिली फेरी ज्याने त्याने स्वतःबद्दल बोलायची. "तुम्ही कसे आहात?" कुणीतरी विचारलं.

"बरी आहे. सकाळी जरा भूक कमी..."

"तिचं नाही हो, तुमचं!"

स्वतःचं काय सांगायचं असतं, तेच घड्याळजींना आठवेना.

मग चहा आला. शेजारचे मास्तर आपल्या आईबद्दल सांगत होते. ऐकता ऐकता घड्याळजींनी मास्तरांचाच कप उचलला, तीनदा फुंकर घातली, डावा हात त्यांच्या हनुवटीखाली धरला आणि म्हणाले, "हं, हळू. आ कर."

आणि मास्तरांनी चक्क घोट घेतला!

घड्याळजींना धरणी दुभंगावी असं झालं. इतक्यात बेकरीवाल्या काकू फसकन हसल्या. "अहो, मी तर भर लग्नात व्याह्यांचं नाक पुसलं!" मग काय, हास्याचा नुसता स्फोट. प्रत्येकाकडे असा एकेक प्रताप निघाला. मास्तर मात्र मिशी पुसत हळूच म्हणाले, "चहा फुंकून मला कुणी दिला त्याला वर्षं झाली हो."

हसता हसता घड्याळजींचे डोळे भरून आले. "मी फार थकलोय," ते म्हणाले. "आणि थकलो म्हणायची लाज वाटते." कुणी उपदेश केला नाही. काकूंनी फक्त बिस्किटांची ताटली पुढे सरकवली. ते बोलत राहिले, आणि भिंतीवर पाहिलं तर साडेसहा! जन्मात पहिल्यांदा या माणसाला उशीर झाला होता.

ते धापा टाकत घरी पोचले. दारातूनच हसणं ऐकू आलं. आत बायकोच्या हनुवटीवर बिस्किटाचा चुरा, केस विस्कटलेले, आणि कंडक्टरबाई खणखणीत आवाजात वाचत होत्या, "पान सातवं! उशी डावीकडे तीन बोटं सरकवावी. चार नव्हे!" बायको हसून हसून लाल झाली होती. असं हसताना त्यांनी तिला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"उशीर झाला गं," घड्याळजी तिच्याजवळ बसत म्हणाले. "तुला सोडून गेलो म्हणून रागावलीस का?"

तिने डाव्या हाताने त्यांची बाही धरली, दवाखान्यात धरली होती तशीच. त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बुधवारी... जात जा." थोडा दम घेतला. "आणि... उशिरा... या."

तिने बाही सोडली आणि कंडक्टरबाईंना खूण केली. सातवं पान अजून अर्धं राहिलं होतं.