टेस्टरांची दहा मिनिटं

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली 'टेस्टर' म्हणते. चाळीस वर्षं वायरमन होते. शर्टाच्या खिशातला टेस्टर लग्नातसुद्धा काढला नव्हता, फोटो आहे माझ्याकडे. घरात नियम एकच: आधी प्लग काढा, मग वस्तूला हात लावा. उमेदीत बरोबरचा माणूस शॉक लागून गेलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून या नियमाची थट्टा मी कधी केली नाही. बाकी सगळ्याची केली.

मुलीने तिचा जुना लॅपटॉप दिला तेव्हा ह्यांनी नाक मुरडलं. ज्याला वायर नाही त्याचा भरवसा काय, म्हणे. पण परमुलखातल्या धाकट्या भावजींच्या घशाचं दुखणं निघालं आणि हे निमूट लॅपटॉप शिकले. महिन्याभराने ऑपरेशन, मग आवाज राहणार नव्हता. ह्यांना डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. फोनवर भावजींची कुजबुज कळेना. लॅपटॉपवर ओठ बघून कळायची. आणि ऐकायचं अकरा वर्षांचं साचलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा भावजी उशिरा पोचले, तर ह्यांनी भरल्या घरात, दारातच विचारलं होतं, "आता कशाला आलास?" तेव्हापासून अबोला.

दर रविवारी सकाळी अकराला हे चार्जर काढून ठेवायचे, टेबल पुसायचे आणि बसायचे. तब्येत, औषधं, मुलं. मुद्द्यावर यायला दोघांनाही दहा मिनिटं लागायची, भाऊच ना शेवटी. भावजी म्हणायचे, "दादा, त्या दिवशी..." आणि चित्र गोठायचं. वायफाय गायब. परत जोडेपर्यंत तिकडे भावजी थकून आडवे. तीन रविवार हेच. तिसऱ्या खेपेनंतर जाऊबाईंचा निरोप आला: विषय निघाला की दादा फोन तोडतात, आता पेशंटला आणखी त्रास नको.

हे खचलेच. राऊटरच्या मागे हात धुऊन लागले. वायर बदलली, पिना घासल्या, राऊटर कपाटावरून खिडकीत, खिडकीतून माळ्यावर नेला. कंपनीच्या माणसाशी भांडले. मी आपली म्हणतेय, साप सोडून भुई धोपटताय! बोलायला माझं काय जात होतं? दुपारी हे झोपले की त्याच लॅपटॉपवर मी भरतकामाचे व्हिडिओ बघायची, दोन-दोन तास, चार्जर लावून. माझं एकदाही तुटलं नव्हतं. पण ते सांगायचं तर प्लगचा गुन्हा कबूल करावा लागला असता. म्हणून मूग गिळून बसले.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ह्यांना घास गिळवेना, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, चिडतील. ते उठले आणि घड्याळ घेऊन लॅपटॉपसमोर बसले. चार्जर लावून तासभर वायफाय हललं नाही. चार्जर काढला, दहाव्या मिनिटाला गेलं. तीनदा करून बघितलं. मुलीला विचारलं, तर म्हणाली, बॅटरी वाचवायला चार्जर नसताना लॅपटॉप थोड्या वेळाने वायफाय झोपवतो. सेटिंगमधली एक खूण काढायची असते. तिने सांगितली, ह्यांनी काढली. एवढंच होतं ते.

"तू आधी बोलली असतीस तर," एवढंच म्हणाले. त्यांनी मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. खरंच सांगते, बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी भावजी पडद्यावर आले. गळ्याला पट्टी, हातात वही. ह्यांनी चार्जर, बॅटरी, ती खूण, सगळं पहिल्यापासून समजावलं. मग म्हणाले, "मी तोडत नव्हतो रे. त्या दिवशी दारात मीच चुकलो. तू काय सांगत होतास?"

भावजींनी पेन उघडलं. मग लिहून वही पुढे केली.

"ते बोलायचं होतं, दादा. लिहायचं नव्हतं."

त्यानंतर सव्वा तास फोन चालू राहिला, एकदाही तुटला नाही. दोघं एकमेकांकडे बघत बसले होते. बंद कोणी करायचा, हे दोघांनाही कळेना.