रीडरची बॅटरीवाली सायकल

घरात ऐकायला माणूस नसलं की किस्से लई साठतात, राव! आमची कारभारीण मालती होती तोवर दिवसभरात जे घडलं ते जेवताना तिला सांगून मोकळा व्हायचो. ती गेली, आणि त्याच वर्षी मी रिटायर झालो. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

तीस वर्षं मी वीजखात्यात मीटर रीडर. निरगुडसरपासून महाळुंगे पडवळपर्यंतच्या वाड्यावस्त्या सायकलीवर पालथ्या घातल्या. शेवटी शेवटी गुडघ्यांनी दगा दिला आणि सायकल सुटली. माझं खरं नाव कुणाच्या ध्यानात नाही, सगळे ‘रीडर’च म्हणतात. आणि तीस वर्षांत एका घरानं ‘बस जरा’ म्हटलं नाही. म्हणतील कसे? मीटर रीडरला कोण बसवून घेतं! नोकरीत त्याचं काही वाटलं नाही. पण रिटायर झाल्यावर घर खायला उठलं, तेव्हा लागलं मनाला. एवढ्या गावांत आपल्याला बस म्हणणारं एक तरी दार असावं, एवढंच वाटायचं.

*

सायकल आणली पोरानं. तो चिंचवडला कंपनीत. तेव्हा आमच्या भागात बॅटरीची सायकल कुणी डोळ्यांनी बघितली नव्हती. टेम्पोतून उतरवली, दहा मिनिटांत सगळं समजावलं.

“आण्णा, पायडल मारायचं कामच न्हाई. मूठ पिळली की पळती! आता कुठंबी जावा!”

“कुणाकडं जाऊ?”

पोरगं चार्जरची वायर गुंडाळायला लागलं. मग म्हणालं, “आधी चालवायला तर शिका!” टेम्पोवाला हॉर्न मारत होता. चहासुद्धा न घेता गेलं.

*

दुसऱ्या दिवशी काढली. मूठ पिळली आणि काय सांगू, चढाला गुडघा कुरकुरलाच नाही! शर्टात वारं भरलं. एकटाच मोठ्यानं हसलो. ऊस तोडणाऱ्या बाया बघायला लागल्या, तरी हसणं थांबेना. गावाला एक फेरी मारली आणि मालतीला सांगायचं म्हणून सुसाट घराकडं वळलो.

दाराला कुलूप. मीच लावलेलं. किल्ली माझ्याच खिशात होती.

*

महाळुंग्याच्या अलीकडं एक वस्ती आहे. तिथं गेलो हौसेनं, ओळखीचे लोक भेटतील म्हणून. मला लांबून बघितलं मात्र, एकच पळापळ! फुकटच्या विजेसाठी तारांवर आकडे टाकलेले. कुणी बांबू घेऊन धावतंय, कुणी वायर गुंडाळतंय, एक बाई तर विजेची शेगडी पदराखाली झाकून उभी!

मी ओरडतोय, “अरे, रिटायर झालोय मी! सहज आलोय!”

एक म्हातारा म्हणाला, “सहज आलाय म्हणं! रीडर कवा सहज येतो व्हय?”

ती शेगडीवाली बाई तर माझ्यावरच उखडली, “आधी सांगायचं न्हाई का? निम्म्या भाकरी कच्च्या राहिल्या की!”

बस मात्र कुणी म्हटलं नाही. शेवटचा आकडा उतरल्यावर सगळे आपापल्या घरात गेले. मी निघालो.

*

कुत्र्यांचं तर विचारूच नका. जुन्या सायकलीचा मडगार्ड खडखडायचा, वस्तीवस्तीवरची कुत्री वेशीपासून भुंकत मागं यायची. दोनदा चावलीसुद्धा. ही नवी सायकल अशी मुकी की कुत्री मान वर करून बघतात आणि पुन्हा झोपतात. हसाल तुम्ही, पण मला वाईट वाटलं. मी थांबून एकाला यूऽ यूऽ केलं. त्यानं कूस बदलली.

*

एकदा घोडेगावला बहिणीकडं मुक्कामाला गेलो होतो. तिथनं सणक आली, तळेघर गाठायचं! चढ बघितला नाही, वय बघितलं नाही. निम्म्यात बॅटरी संपली. ती सायकल ढकलायची म्हणजे म्हैस ढकलण्यातला प्रकार. मागून एक म्हातारी आली, डोक्यावर नाचणीचं गाठोडं. मला मागं टाकून पुढं गेली, मग थांबून वळली.

“पावणं, हिला दवाखान्यात नेताय का?”

*

आता कोंडीभाऊचं सांगतो. महाळुंग्याचा शेतकरी. मी नोकरीत असताना त्याच्या विहिरीच्या मोटारीचा आकडा पकडला होता, पंचांसमोर लिहून दिलं होतं. तेव्हापासून बारा वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. एकदा भर उन्हात बॅटरी मेली, ती नेमकी त्याच्या दारात! दुसरं घर जवळपास नाही. तो ओट्यावर एकटाच शेंगा फोडत बसलेला. मी मान खाली घालून सायकल ढकलत पुढं निघालो.

“गेली का बॅटरी?”

“गेली.”

त्यानं बोटानं बोर्ड दाखवला. मी वायर लावली. मग म्हणाला, “बस.”

राव, मी चपला काढल्या. बसलो.

त्यानं कोरा चहा केला. कारभारीण लेकाकडं पुण्याला, नातवंडं सांभाळायला गेली होती, दोन वर्षं झाली. मी मालतीचं सांगितलं. ती कशानं गेली, किती दिवस दवाखान्यात होती, सगळं. आजवर कुणाला इतकं सांगितलं नव्हतं. तो फक्त शेंगा माझ्याकडं सारत राहिला. दोन तास गेले. मग मी उठलो आणि वायर काढायला लागलो.

“झाली का चार्जिंग?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

“हुईल कशी? सकाळपास्नं लाईटच न्हाई. लोडशेडिंग हाय.” तो माझ्याकडं रोखून बघत म्हणाला, “तीस वर्षं मीटर बघितलंस. समोर भिंतीवर हाय, चकती फिरंना, जाग्यावर उभी हाय. दिसली न्हाई व्हय तुला?”

“दिसली की.”

“कवा?”

“आलो तवाच.”

कोंडीभाऊनं मूठभर शेंगा पुन्हा माझ्यापुढं टाकल्या.

“मग वायर काढतोस कशाला? सहाला येती लाईट.”