खिशावरचं नाव

कारच्या कारखान्यात उजवं दार दादा बसवायचा आणि डावं त्याचा धाकटा भाऊ. काम एकच, पण धाकटा कायम आणि दादा कंत्राटी. धाकट्याच्या शर्टाच्या खिशावर कंपनीनं नाव शिवलेलं, दादाचा खिसा कोरा. दोरीवर वाळणारा तो शर्ट दिसला की दादाच्या पोटात दुखायचं. "याला इथं चिकटवला मी, आणि मिरवतोय हा," तो बायकोला ऐकवायचा.

पुढे कंत्राटी कामगारांना कायम करा म्हणून धाकट्यानंच संप घडवला. परदेशी जाणाऱ्या गाड्या अडल्या, तेव्हा मालक नमले. दादा कायम झाला. धाकट्याला मात्र काढून टाकलं.

नाव शिवलेला शर्ट घालून दादा ऐटीत गेटवर पोचला. धाकट्याला परत घ्या म्हणून सगळे त्याच्या नावानं घोषणा देत होते. दादाच्या खिशाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या पोटात पुन्हा दुखू लागलं.